वहीतला कडुनिंब

शाळेच्या आवारातल्या झाडा-पाखरांच्या नोंदी मुलांनी ठेवाव्यात, असं सुचवलं की पहिला प्रश्न येतो, ‘पोरांच्या नोंदींना शास्त्रात काय किंमत?’ निदान खानदेशात तरी हा प्रश्न कुणी विचारू नये.

वनपिंगळ्याची गोष्ट आठवा. या छोट्या घुबडाचा शेवटचा खरा नमुना 1884 चा. त्या दशकात जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्यानं खानदेशातून नमुने गोळा केले होते. पुढे रिचर्ड मिनर्टझहागेन या नामांकित पक्षितज्ज्ञानं सांगितलं, की 1914 साली हा पक्षी आपल्याला गुजरातेत मांडवीजवळ मिळाला. शोध घेणारे तिकडे वळले आणि रिकाम्या हातानं परतले. कारण त्यानं संग्रहालयातला डेव्हिडसनचाच नमुना चोरून त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती. पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी पकडली. जुन्या खऱ्या नोंदींच्या मागावर निघालेल्या त्यांच्या चमूला नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ वनपिंगळा दिसला. खानदेशातलं शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. थोर नावाच्या खोट्या नोंदीनं जे दडवलं, ते साध्या, खऱ्या चिठ्ठीनं दाखवलं. नोंदीची किंमत ती करणाऱ्याच्या वयावर नव्हे, जागा, तारीख आणि पडताळणी यांवर ठरते. मुलं चुकतात, मान्य. पण झाड उडून जात नाही. उद्या दुसरी तुकडी जाऊन पुन्हा बघू शकते.

दुसरा आक्षेप जास्त जिव्हाळ्याचा आहे: शेतकऱ्याच्या पोराला निसर्ग काय शिकवायचा? खरंच आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी यावल, चोपडा, शिरपूरकडे भिल्ल-पावरा मुलांना जितकी झाडं ओळखता येतात, तितकी त्यांच्या गुरुजींनाही येत नसतील. पण या ज्ञानाला शाळेत शून्य गुण! घरचं शहाणपण फाटकाबाहेर ठेवूनच पोर वर्गात शिरतं. नोंदवही ते आत आणते. झाडाचं पावरी नाव मराठी नावाशेजारी लिहिलं गेलं, की आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं खरं असतं आणि ते लिहिण्याजोगं असतं, हे मुलाला कळतं. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यात वनभाज्यांची स्पर्धा भरते, तेव्हा बायांच्या पिढीजात माहितीला असाच मान मिळतो.

उरला तिसरा आक्षेप, की मोजण्यानं माया आटते, त्यापेक्षा रोपं लावून घ्यावीत. दरवर्षी जूनमध्ये त्याच खड्ड्यात नवं रोप, फोटो, आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात वाळलेली काडी. हे पाहून मुलं काय शिकतात, याचा विचार कुणी केलाय?

याउलट ‘सीझनवॉच’ उपक्रमाची रीत बघा. एकच झाड, दर आठवड्याला. कोवळी पानं, कळ्या, फुलं, फळं: नाहीत, थोडी की भरपूर, एवढंच लिहायचं. यात केरळच्या शाळा सर्वांत पुढे आहेत. आपल्याकडच्या कडुनिंबाखाली फाल्गुनात पिवळ्या पानांचा सडा पडतो, मग तांबूस पालवी फुटते आणि पाडव्याच्या सुमारास बारीक पांढऱ्या फुलांचा वास येतो. सातवीतली पोरगी फांदी वाकवून बघते, ‘कळ्या भरपूर, फुलं थोडी’ असं लिहिते. पुढच्या सोमवारी तिला फुलं किती उमलली हे बघायची ओढ लागते. माया अशीच लागते, रोजच्या येण्या-जाण्यानं. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी सुगरणीचा खोपा त्यांच्याइतक्या बारकाईनं कुणी पाहिला? मोजणं म्हणजे तरी नीट पाहणंच.

एक मात्र बजावतो. अहवालासाठी एका दिवसात वर्षभराचे रकाने भरून घेतले, तर मुलं खोटं लिहायला शिकतील, आणि मिनर्टझहागेन आपणच घडवू.

मुख्याध्यापकांनो, 5 नोव्हेंबरला पक्षी सप्ताह सुरू होतो. त्या दिवशी आवारातलं एक झाड निवडा, एक दोनशेपानी वही आणा आणि पहिली नोंद मुलांना करू द्या. फाल्गुनातली पानगळ ती वही चुकवणार नाही.