हास्यामागील हिशेब

१७ जुलै १९५५ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या अनाहाइम नगरात डिस्नीलँडचे उद्घाटन झाले. 'पृथ्वीवरील सर्वाधिक आनंदी स्थान' हे त्याचे बिरूद आज जगभर परिचित आहे. अमेरिकेच्या सहलीवर निघालेले मराठी कुटुंबही तेथे जाऊन मिकी माउसच्या गळ्यात हात घालून छायाचित्र काढल्यावाचून परतत नाही. त्या मुखवट्याच्या आत घामाने निथळणारा एक जिवंत मनुष्य उभा असतो, त्याच्या घरी चूल कशी पेटत असेल, हा प्रश्न मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही.

तेथील परिभाषाच मोठी मोहक आहे. पर्यटकास 'पाहुणा' म्हणावयाचे, कर्मचाऱ्यास 'नटसंचाचा सदस्य' म्हणावयाचे. झाडलोट करणारा, तिकिटे देणारा, पाळणा चालविणारा असे सगळेच 'नट'! शब्द गौरवाचा आहे. परंतु गौरवाच्या शब्दांनी घरभाडे भागत नाही. ज्या उद्योगाने कामगाराला कलावंताचा दर्जा दिला, त्याच उद्योगाच्या फ्लोरिडातील उद्यानात वेशभूषेच्या आत घालावयाची वस्त्रेही स्वतःची स्वतंत्र मिळावीत, यासाठी मिकी आणि गूफी होणाऱ्यांना संघटनेमार्फत झगडावे लागले. २००१ साली ती मागणी मान्य झाली. दुसऱ्याने वापरलेली अंतर्वस्त्रे घालून हसत राहावयाचे, ही कोणती श्रमप्रतिष्ठा?

२०१८ साली ऑक्सिडेंटल महाविद्यालय आणि 'इकॉनॉमिक राउंडटेबल' यांनी अनाहाइमच्या सुमारे ५,००० कर्मचाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत ७३ टक्के कर्मचाऱ्यांनी सांगितले की, महिन्याचा मूलभूत खर्च भागेल एवढेही वेतन मिळत नाही. आधीच्या दोन वर्षांत केव्हा ना केव्हा आपल्याला हक्काचे छप्पर नव्हते, असे सांगणारे ११ टक्के होते. महागाई जमेस धरता २००० ते २०१७ या काळात कर्मचाऱ्यांचे सरासरी ताशी वेतन सुमारे १५ टक्क्यांनी घटल्याचेही अहवालात नमूद आहे. ही पाहणी कामगार संघटनांच्या पैशातून झाली, असा आक्षेप घेण्यात आला. पैसा संघटनांचा होता, हे खरेच. पण मोटारीत रात्र काढणाऱ्याची रात्र तेवढ्याने खोटी ठरत नाही.

त्याच वर्षी कंपनीचे तत्कालीन मुख्याधिकारी बॉब आयगर यांचे एकूण वेतन ६ कोटी ५६ लाख डॉलर्स होते. मधल्या फळीतील कर्मचाऱ्याच्या वेतनाच्या ते १,४२४ पट भरते. या विषमतेवर २०१९ साली जाहीर टीका केली ती कोणा लाल बावटेवाल्याने नव्हे, तर संस्थापकांपैकी एक असलेल्या रॉय डिस्नी यांच्या नात अॅबिगेल डिस्नी यांनी. कामगाराच्या पोटाचा प्रश्न निघताच ज्यांना त्यात साम्यवादाचा वास येऊ लागतो, त्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

'वेतन बाजार ठरवितो. परवडत नसेल त्याने नोकरी सोडावी', हा युक्तिवाद आपल्याकडील सुशिक्षितांनाही आवडू लागला आहे. बाजाराची एवढी भक्ती असेल, तर ती दोन्ही बाजूंनी हवी. अनाहाइम नगराने रोख्यांद्वारे निधी उभारून प्रचंड वाहनतळ बांधला, वर्षाला १ डॉलर भाड्याने तो कंपनीस दिला आणि वाहने उभी करण्याचे शुल्क मात्र कंपनीच्या तिजोरीत जमा होत राहिले. सार्वजनिक पैसा घेताना समाजाचे नाते सांगावयाचे आणि वेतन देताना बाजाराचे, ही नीती नव्हे, सोय आहे.

अखेर नागरिकांनीच हा प्रश्न हाती घेतला. नगराकडून अर्थसाहाय्य घेणाऱ्या पर्यटन उद्योगांनी ताशी किमान १५ डॉलर्स द्यावेत आणि २०२२ पर्यंत ते १८ डॉलर्सपर्यंत वाढवावेत, असा ठराव नोव्हेंबर २०१८ मध्ये मतदानाने संमत झाला. त्याच्या आधीच कंपनीने नगराशी झालेले करसवलतीचे करार स्वतः होऊन रद्द करून घेतले होते. 'आम्ही साहाय्य घेतच नाही, मग ठराव आम्हांस लागू कसा?', हा तिचा पवित्रा! कर्मचारी न्यायालयात गेले. १९९६ चा अर्थकरार हे साहाय्यच आहे, असा निर्णय अपील न्यायालयाने २०२३ साली दिला. २०२४ च्या अखेरीस २३ कोटी ३० लाख डॉलर्सची तडजोड झाली. तिचे लाभार्थी ५० हजारांहून अधिक कर्मचारी. म्हणजे एवढ्या माणसांच्या घामाचे मोल त्यांच्या हाती पडण्यास सहा वर्षे लागली!

२०२४ सालच्या मे महिन्यात मिरवणुकीत नाचणाऱ्या आणि मुखवटे घालणाऱ्या सुमारे १,७०० कलाकारांनी ९५३ विरुद्ध २५८ मतांनी संघटना स्थापण्याचा कौल दिला. जुलैत सुमारे १४,००० कर्मचाऱ्यांनी संपाची तयारी दाखविताच किमान वेतन ताशी २४ डॉलर्सवर नेणारा करार झाला. वेतन वाढविले तर उद्योग बुडेल, अशी भीती दाखविणाऱ्यांचे भाकीत कितपत खरे ठरले? त्याच आर्थिक वर्षात कंपनीच्या उद्याने व पर्यटन विभागाचा कार्यकारी नफा ९ अब्ज डॉलर्सच्या वर होता.

या कथेत भारतीयांसाठीही एक बोचरा अध्याय आहे. २०१५ च्या प्रारंभी याच कंपनीच्या फ्लोरिडातील सुमारे २५० संगणक तंत्रज्ञांच्या नोकऱ्या गेल्या. त्यांच्यापैकी अनेकांना, तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या भारतीयांना आपलेच काम शिकवून मग बाहेर पडावे लागले. कायदेभंग न्यायालयात सिद्ध झाला नाही. परंतु एका कामगाराची भाकरी दुसऱ्या कामगाराच्या हातून काढून घेणारी ही व्यवस्था उद्या त्या दुसऱ्याच्या भाकरीचीही गय करणार नाही, हे परदेशी गेलेल्या मुलांच्या पालकांनी तरी ओळखले पाहिजे.

उद्योगाला 'कुटुंब' म्हणावयाचे असेल, तर कुटुंबाचा धर्मही पाळावा लागेल. ज्या घरात कर्ता पंचपक्वान्ने झोडतो आणि राबणारी मुले उपाशी निजतात, त्या घराला आपल्याकडे कोणी कुटुंब म्हणत नाही. अनाहाइमच्या कर्मचाऱ्यांना जे मिळाले, ते मालकाच्या औदार्याने नव्हे. संघटित शक्तीने आणि शेजारधर्म जागविणाऱ्या नागरिकांच्या मताने मिळाले. पुढच्या सहलीत मिकीशी हस्तांदोलन करताना त्या जाड हातमोज्याच्या आत एक हात आहे, आणि त्या हाताला घर आहे, एवढे स्मरण ठेवले तरी पुष्कळ झाले.