पेपर दोनचे प्रश्न आपल्याच शहरातले आहेत

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक केली. चार पर्यायांतून एक निवडून गोल काळे करण्याचे दिवस संपले. आता निबंध, सामान्य अध्ययनाचे चार पेपर आणि वैकल्पिक विषयाचे दोन पेपर मिळून १७५० गुणांची परीक्षा हाताने लिहून द्यायची आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाचा साचाही हाच. त्यातला सामान्य अध्ययनाचा दुसरा पेपर म्हणजे राज्यघटना, शासनकारभार, सामाजिक न्याय आणि आंतरराष्ट्रीय संबंध. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या अभ्यासिकांमध्ये मुलामुलींशी बोलले की या पेपरची, त्यातही परराष्ट्र धोरणाची, धास्ती सर्वांत जास्त जाणवते. दिल्लीच्या क्लासच्या नोट्स इंग्रजीत, महागड्या आणि त्यांच्या रोजच्या जगण्यापासून फार लांबच्या.

पण हा पेपर खरोखर इतका लांबचा आहे का? मला तसे वाटत नाही. कारभाराचे जे प्रश्न या पेपरात येतात त्यांतले बरेचसे या तीन शहरांनी गेल्या काही वर्षांत स्वतः भोगले आहेत. परराष्ट्र संबंधांचा एक मोठा धडा तर उल्हासनगरच्या जन्मातच आहे.

पाच वर्षांची मुदत आणि प्रशासकाची खुर्ची

अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषदांची निवडणूक २०१५ मध्ये झाली. २०२० मध्ये मुदत संपली आणि प्रशासक आले. पुढची निवडणूक थेट डिसेंबर २०२५ मध्ये झाली. उल्हासनगर महापालिकेची मुदत २०२२ मध्ये संपली. तिथे मतदान झाले १५ जानेवारी २०२६ रोजी. म्हणजे अंबरनाथ-बदलापूरमध्ये लोकनियुक्त सभागृहाच्या एका पूर्ण मुदतीपेक्षा जास्त काळ सभागृहच नव्हते.

आता घटना काय सांगते ते पाहा. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. कलम २४३-यू नुसार पालिकेची मुदत पाच वर्षे आणि नवी निवडणूक ही मुदत संपण्यापूर्वी पूर्ण झाली पाहिजे. किशनसिंग तोमर खटल्यात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावले होते. मग एवढा उशीर का? आधी कोविड आला. नंतर मार्च २०२१ च्या विकास गवळी निकालाने ओबीसी आरक्षणासाठी तिहेरी कसोटी घातली, पुढे प्रभागरचनेचा वाद उभा राहिला आणि प्रकरण न्यायालयात अडकले. शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि नंतर ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची मुदत ठरवून दिली.

बहुतेक नोट्समध्ये उत्तर इथेच संपते. आपल्या उमेदवाराने एक पाऊल पुढे जावे. कलम २४३-टी मुळे पालिकेत अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा मिळतात आणि महाराष्ट्रात निम्म्या जागा महिलांच्या असतात. प्रशासकाच्या खुर्चीला आरक्षण नसते. सभागृह नसते तेव्हा नुसती लोकशाही थांबत नाही. वस्तीतल्या बाईने निवडून दिलेली दलित नगरसेविकाही नसते. नळाला पाणी का आले नाही, हे विचारायला दारच उरत नाही. निवडणूक लांबण्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. हा मुद्दा लिहिला की कारभाराचे उत्तर सामाजिक न्यायाला जाऊन भिडते. पेपर दोनमध्ये हे दोन्ही विषय एकत्र ठेवले आहेत ते याचसाठी.

नदी एक, कार्यालये अनेक

वालधुनी नदी अंबरनाथच्या डोंगरातून निघते, अकराव्या शतकातल्या शिवमंदिराजवळून वाहते, उल्हासनगर पार करते आणि कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. वाटेत रासायनिक कारखाने, जीन्स धुलाईचे कारखाने आणि शहरांचे सांडपाणी. नदीवर अधिकार कोणाचा? नगरपरिषद, महापालिका, औद्योगिक विकास महामंडळ आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ, प्रत्येकाकडे एकेक तुकडा. वनशक्ती संस्थेच्या अर्जावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये संबंधितांना दंड ठोठावला. तरी काठावरच्या झोपडीत राहणाऱ्यांना आजही नाक दाबूनच जगावे लागते. ‘संस्थांमधील समन्वयाचा अभाव’ हे पाठ केलेले वाक्य लिहिण्याऐवजी उमेदवाराने वालधुनीची साखळी चार ओळींत मांडली, तर परीक्षकाला कळते की याने प्रश्न डोळ्यांनी पाहिला आहे.

बदलापूरचे ऑगस्ट २०२४ चे प्रकरण अजून ताजे आहे. शाळेत दोन चिमुकल्यांवर अत्याचार झाले आणि २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि गुन्हा नोंदवण्यातल्या दिरंगाईवर ताशेरे ओढले. पोक्सो कायदा २०१२ पासून आहे. शाळांमध्ये सखी सावित्री समित्या स्थापन करण्याचा शासन निर्णय २०२२ चा आहे. कायदा होता, समितीचा आदेश होता, पोलीस ठाणेही होते. मग आईबापांना ताटकळत का राहावे लागले? ‘कायदा पुरेसा आहे, अंमलबजावणी नाही’ हे आपण सगळेच म्हणतो. पण अंमलबजावणी नक्की कोणत्या टेबलावर थांबली, हे सांगता येणे म्हणजे शासनकारभाराचा अभ्यास. आरोपीचा पोलीस कोठडीत गोळी लागून झालेला मृत्यू हाही त्याच अभ्यासाचा भाग आहे. आपला संताप कितीही खरा असला तरी कायद्याच्या राज्यात शिक्षा न्यायालय देते, हे लिहिण्याची हिंमत उमेदवारात हवी.

परराष्ट्र धोरण घराच्या दारात येते तेव्हा

आता परराष्ट्र संबंधांकडे वळू. उल्हासनगर हे फाळणीने वसवलेले शहर आहे. कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेल्या निर्वासितांना ठेवले गेले आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही इथे पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर चार’ असेच म्हणतात. दोन देशांमधला निर्णय माणसाच्या पत्त्यात पिढ्यान्‌पिढ्या कसा राहतो, याचे याहून जवळचे उदाहरण मिळणार नाही. नागरिकत्व सुधारणा कायदा २०१९ चा, त्याचे नियम मार्च २०२४ चे. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांना तो लागू होतो. त्या सहांत बौद्धही आहेत. श्रीलंकेतले तमिळ आणि म्यानमारचे रोहिंग्या मात्र त्यात नाहीत. शेजारधोरण, नागरिकत्व आणि समतेचे कलम १४ या तिन्हींची गाठ या एका प्रश्नात आहे. या विषयावर दोन्ही बाजू लिहिता येणारा उमेदवार उल्हासनगरमधून निघायला हवा.

बाबासाहेबांनी ही गाठ फार आधी दाखवून दिली होती. १९५१ मध्ये मंत्रिमंडळाचा राजीनामा देताना त्यांनी जी कारणे दिली त्यांत हिंदू कोड बिलासोबत परराष्ट्र धोरणही होते. देशाचा वार्षिक महसूल सुमारे ३५० कोटी आणि त्यातले १८० कोटींच्या आसपास लष्करावर जातात, हा हिशेब त्यांनी मांडला. मित्र नसलेल्या देशाला सैन्यावर जास्त खर्च करावा लागतो आणि तो पैसा गरिबाच्या वाट्यातून जातो, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. परराष्ट्र धोरण आणि अंतर्गत कारभार हे एकाच खातेवहीचे दोन रकाने आहेत, हे त्यातून शिकायचे. आपल्याकडे बाबासाहेबांचा राजीनामा फक्त हिंदू कोड बिलासाठी आठवला जातो. पेपर दोन लिहिणाऱ्याने ते पूर्ण निवेदन वाचावे.

बाहेर बुद्ध, घरात प्रश्न

बौद्ध वाचकांच्या जिव्हाळ्याचे उदाहरण म्हणजे भारताची बौद्ध कूटनीती. २०२२ मध्ये पवित्र अस्थी मंगोलियाला दर्शनासाठी नेल्या गेल्या, २०२४ मध्ये थायलंडला, २०२५ मध्ये व्हिएतनामला. पिपरहवा येथे १८९८ मध्ये सापडलेली रत्ने हाँगकाँगमध्ये लिलावात निघाली तेव्हा केंद्र सरकारने कायदेशीर नोटीस बजावली, लिलाव थांबला आणि जुलै २०२५ मध्ये ती रत्ने भारतात परत आली. याचे स्वागतच आहे.

पण त्याच वर्षी, फेब्रुवारी २०२५ पासून, बोधगयेत भिक्खू उपोषणाला बसले होते. बोधगया मंदिर कायदा १९४९ चा आहे. त्यानुसार व्यवस्थापन समितीत चार बौद्ध, चार हिंदू आणि अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी असतात. जिल्हाधिकारी हिंदूच असावा ही अट २०१३ मध्ये निघाली, पण समितीची रचना तीच राहिली. कलम २६ प्रत्येक धर्मसंप्रदायाला आपल्या धार्मिक बाबींचे व्यवस्थापन करण्याचा हक्क देते. जगासमोर बुद्धाचा देश म्हणून उभे राहणाऱ्या राज्यव्यवस्थेला महाविहाराच्या व्यवस्थापनाचा प्रश्न टाळता येईल का?

इथेच आपल्या मुलांना एक सावधगिरी सांगावीशी वाटते. मोर्चातली घोषणा आणि उत्तरपत्रिकेतला परिच्छेद यांची भाषा वेगळी असते. बोधगयेवर लिहिताना सरकारची बाजूही मांडा: महंतांच्या ताब्याचा जुना इतिहास, दोन्ही समाजांची श्रद्धा, कायदा-सुव्यवस्था. मग कलम २६ घ्या, इतर धर्मस्थळांच्या कायद्यांशी तुलना करा आणि शेवटी उपाय सुचवा. मध्यममार्ग म्हणजे भूमिका न घेणे नव्हे. टोके समजून घेऊन घेतलेली भूमिका म्हणजे मध्यममार्ग.

नऊ मिनिटे आणि एक खुर्ची

केंद्रीय परीक्षेत या पेपरात तीन तासांत वीस प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला नऊ मिनिटे. नऊ मिनिटांत दीडशे किंवा अडीचशे शब्द मराठीत नेमके लिहिणे हे सरावाचे काम आहे आणि सराव एकट्याने होत नाही. विहारांतल्या अभ्यासिकांनी रविवारचे दोन तास उत्तरलेखनासाठी राखावेत. एकाने लिहावे, दुसऱ्याने तपासावे. नगरपरिषदेचा अर्थसंकल्प समोर ठेवून एक प्रश्न, आठवड्याच्या परराष्ट्र बातमीवर एक प्रश्न. सेवेत गेलेल्या आपल्या अधिकाऱ्यांनी महिन्यातून एकदा येऊन उत्तरे पाहावीत. बार्टीच्या प्रशिक्षणासाठी अर्ज जरूर करावा. पण निवड झाली नाही म्हणून अभ्यास थांबू नये. वर्गणीतून जयंतीची मिरवणूक निघू शकते, तर पंधरा मुलांच्या उत्तरपत्रिकाही तपासून होऊ शकतात.

शेवटी हे ध्यानात ठेवू या. नगरपरिषदेचा मुख्याधिकारी राज्यसेवेतूनही येतो. प्रशासकाची राजवट लोकशाहीला धरून आहे का, हा प्रश्न ज्याला विचारला जातो तोच उद्या एखाद्या शहरात त्या खुर्चीवर बसणार आहे. आज त्याने नऊ मिनिटांत जे लिहिले, ते त्याला त्या दिवशी आठवले पाहिजे. आपल्या वस्तीतून तिथे पोहोचणाऱ्या मुलीला पाण्यासाठी दार ठोठावणारी बाई परकी वाटणार नाही, ही आपली खरी अपेक्षा आहे. गुण तर त्यासाठीच हवे आहेत.