विश्वास भाषणाने उगवत नाही, पाळी पाळल्याने उगवतो



पाण्याच्या बैठकीला साहेब आले की एकच पालुपद ऐकायला मिळते : शेतकऱ्यांत एकी नाही, पाण्याची वाटणी यांच्या हाती दिली तर डोकी फुटतील. आपलेच काही पुढारी मान डोलावतात. आम्ही विचारतो, सरकारी वाटणीत काय झाले? हेडला ऊस उभा आणि टेलच्या माणसाने रात्र रात्र कंदील घेऊन कोरड्या चारीवर बसायचे. हा शहाणपणा आम्हाला शिकवायला कोणी येऊ नये.

शेतकऱ्याला पाणी वाटता येते की नाही, ते धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर जाऊन पाहावे. पाटबंधारे खाते जन्माला येण्याच्या कितीतरी आधीपासून तिथे फड पद्धत चालत आली. नदीला बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या रानाचे फड. एका फडात एकच पीक. कोणत्या फडात काय पेरायचे, ते सगळ्यांनी बसून ठरवायचे. पाणी मालकाने स्वतः भरायचे नाही; सगळ्यांनी नेमलेला पाटकरी ओळीने भरत जातो. राखणीला जागल्या. नदीला पाणी कमी आले तर भिजवायचे फडच कमी करायचे. बहुतेकांचे रान वेगवेगळ्या फडांत वाटलेले, म्हणून झळ एकट्याच्या वाट्याला येत नाही.

तिथली माणसे काय संत होती? मुळीच नाही. आपल्यासारखीच बांध कोरणारी, भाऊबंदकी करणारी माणसे. फरक माणसांत नव्हता, नियमात होता. सगळ्या फडात एकच पीक असले की जास्तीचे पाणी कोणी घेतले ते लपत नाही. दारे मोडायला मालकाच्या हाती फावडेच नसले की रात्री चोरी करण्याचा मोह कमी होतो. शेजारी देवमाणूस आहे असे मानणे म्हणजे विश्वास नव्हे. माझी पाळी तो मोडणार नाही, मोडली तर सगळ्यांना कळेल आणि त्याला भरपाई द्यावी लागेल, ही खात्री म्हणजे विश्वास.

पुरंदर तालुक्यात नायगावला १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम बोटावर मोजता येतील असे. पाणी जमिनीवर नाही, माणशी मिळेल : माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. ऊस लावायचा नाही. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. खर्चातला वाटा सभासदाने आधी भरायचा. नियम कडक होते. पण मोठ्यालाही तेच, धाकट्यालाही तेच, म्हणून लोकांनी ते मानले.

ओझरला वाघाड धरणाच्या टेलच्या शेतकऱ्यांनी १९९१ च्या सुमारास पाणीवापर संस्था काढल्या आणि पुढे सगळ्या प्रकल्पावर संस्था झाल्या. एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंनी जगभरचे असेच पाट, कुरणे, जंगले तपासली आणि सामाईक मालमत्ता लोक आपल्या नियमांनी टिकवू शकतात हे दाखवून दिले. त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्या पाटकऱ्याला हे कधीच ठाऊक होते. त्याला कोणी विचारले नाही, एवढेच.

आता आपल्या घरातले बोलू. २००५ साली सिंचन व्यवस्थापनाचा कायदा झाला. पाणी मोजून संस्थेला द्यायचे आणि आतली वाटणी संस्थेने करायची, असे त्यात आहे. संचालक मंडळात हेड, मधला भाग आणि टेल, तिघांनाही जागा आहे. मग कितीतरी संस्था कागदावर का राहिल्या? सगळा दोष सरकारवर ढकलून चालणार नाही. चेअरमनची मोटार चारीवर बसते तेव्हा आपण गप्प बसतो. तो सोयरा आहे, तो आपल्या आळीचा आहे, म्हणून दंड माफ करतो. एका सोयऱ्याला माफ केलेला दंड म्हणजे शंभर सभासदांना पाळी मोडण्याची दिलेली परवानगीच. पुढच्या आवर्तनाला टेलवाला पाणीपट्टी भरत नाही आणि साहेब म्हणतात, बघा, शेतकऱ्यांत एकी नाही!

म्हणून आम्ही सांगतो, एकीची भाषणे बंद करा आणि चार नियम करा. पाळीपत्रक चावडीवर खडूने लिहा, सगळ्यांना दिसेल असे. पाणी टेलपासून सुरू करा. पाटकरी सगळ्यांनी नेमा आणि त्याचा पगार वेळेवर द्या. उपाशी पाटकरी पाणी विकणारच. दंड पहिल्या चुकीला लहान, दुसऱ्याला मोठा ठेवा, आणि तो संचालकापासून वसूल करायला सुरुवात करा.

ज्याला हे चार नियम जाचक वाटतील, त्याची मोटार कुठे बसली आहे ते एकदा जाऊन बघा.

सरकारकडे आमची मागणी एवढीच : ठरलेले पाणी, ठरल्या तारखेला, मोजून संस्थेच्या दारात द्या. त्यापुढची वाटणी आम्ही करू. भांडणेही आमची आम्ही मिटवू. साहेबांनी काळजी करू नये.

पाळी पाळू, पाणी पुरवू!