गाडीतले घर : आधी माणसे, मग फळ्या

जुनी व्हॅन घ्यायची, आत निजण्या-रांधण्याची सोय करायची आणि मुलाबाळांसह गावोगाव हिंडायचे, असा बेत आज अनेकांच्या मनात असतो. महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. बेत चांगला आहे. पण पुष्कळ ठिकाणी सुरुवात होते ती सनमायकाच्या रंगापासून. आमचे म्हणणे असे की, सुरुवात माणसांपासून करावी.

गाडीत निजणार किती आणि धावत्या गाडीत बसणार किती, हे आधी कागदावर लिहा. चौघांना निजता येते म्हणून चौघांना बसता येईल असे नाही. पलंगावर बसून प्रवास करणे धोक्याचे आहे. जितकी माणसे तितक्या पट्ट्यांच्या पक्क्या सीटा हव्यातच. उरेल ती जागा सामानाची.

मग गाडी रिकामी करून तळावर खडूने आराखडा काढा. गाडीच्या भिंती वर जाताना आत वळतात, म्हणून माप तळाशी, कमरेशी आणि डोक्याशी असे तीनदा घ्या. पुठ्ठ्याची खोकी मांडून ओटा, पेटी, पलंग उभा करा आणि सर्वांनी एक संध्याकाळ त्यात काढा. आजीला पलंगावर चढता येते का, रात्री उठणाऱ्याला दुसऱ्याच्या अंगावरून जावे लागते का, हे तेव्हाच कळते. खोकी हलवायला पैसे पडत नाहीत. ठोकलेली फळी काढायला पडतात.

ओट्याची जागा ठरवताना घरातल्या बाईला विचारा. जागा पुरुषाने ठरवायची आणि वाकून रांधायचे तिने, ही रीत निदान सहलीत तरी नको. ओटा दाराजवळ घेतला तर वाफ बाहेर जाते आणि दोघांना मिळून काम करता येते.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन; ६० लिटरची टाकी म्हणजे एक धडधाकट माणूसच. टाकी, बॅटरी अशा जड वस्तू खाली, दोन्ही बाजूंना तोलून ठेवा. वरच्या कप्प्यात कपडे. सारे बोल्टने आवळा, कारण जोराचा ब्रेक लागला की सुटी पेटी माणसावर येते.

सर्वांत महत्त्वाची हवा. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा येथे उभ्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसे मृत आढळली. जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता. या वायूला वास नाही, रंग नाही. झोपलेल्याला तो कळतही नाही. म्हणून निजताना गाडीत किंवा गाडीखाली जनरेटर चालू ठेवू नका, शेगडीवर ऊब घेऊ नका, तळाची भोके बुजवा, हवेसाठी छताकडे झरोके ठेवा आणि या वायूची सूचना देणारे यंत्र आराखड्यातच धरा.

शेवटची गोष्ट, पण करायची पहिली. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. सुताराला इसार देण्यापूर्वी आराखडा घेऊन आर.टी.ओ. कार्यालयात जा, काय चालेल ते विचारा आणि उत्तर लेखी घ्या. कष्टाचा पैसा आहे. तो अडकून पडता कामा नये.