धातूची मर्यादा ओळखा

‘लोखंडासारखा मजबूत’ असे आपण सहज म्हणतो. पण धातू कधीच हार खात नाही, असा त्याचा अर्थ घेऊ नका. लाकडी फळीवर वर्षानुवर्षे जड पुस्तके ठेवली, तर ती मध्ये झुकते. ओझे काढले तरी ती पूर्वीसारखी सरळ होत नाही. खूप तापलेल्या धातूचेही असेच होते. ताण तेवढाच राहिला, तरी धातू सावकाश लांबत जातो आणि शेवटी तुटू शकतो.

काँकॉर्ड विमानाचे उदाहरण पाहा. ब्रिटन व फ्रान्स यांनी मिळून बनवलेले हे विमान 1976 ते 2003 या काळात प्रवाशांना घेऊन उडत असे. त्याचा वेग आवाजाच्या सुमारे दुप्पट होता. उंचावरची हवा अतिशय थंड असे. तरीही एवढ्या वेगामुळे समोरची हवा दाबली जाऊन तापे. विमानाच्या नाकाचे टोक सुमारे 127 अंश सेल्सिअसपर्यंत गरम होई. सुमारे 62 मीटर लांबीचे ते विमान उडताना 15 सेंटिमीटरांहून अधिक लांब होई! थंड झाल्यावर ते पुन्हा मूळ लांबीवर येई.

ही वाढ तात्पुरती होती. खरी भीती कायमच्या वाढीची होती. म्हणून इंजिनिअरांनी ॲल्युमिनिअममध्ये तांबे व इतर धातू मिसळून बनवलेले खास संमिश्र निवडले. त्याचे तुकडे हजारो तास तापवून व ताणून तपासले. वेग आणखी वाढवला असता, तर उष्णता वाढून हे संमिश्र कमजोर झाले असते. म्हणून त्यांनी वेगालाच मर्यादा घातली.

कोणी म्हणेल, ही तर माघार झाली. मला तसे वाटत नाही. हे विमान फार खर्चिक होते, हे खरे. पण धातूला झेपेल तेवढेच काम त्याच्याकडून घेणे, यात शहाणपणच होते. प्रवाशाला धातूतला बदल दिसत नाही. तो तपासणाऱ्याच्या भरवशावर विमानात बसतो.

तुमच्यापैकी कोणी उद्या फिटर होईल, कोणी मेकॅनिक, कोणी इंजिनिअर. कोणतेही यंत्र हाती आले, तर ‘चालेल, काय होते!’ असे म्हणू नका. आधी मोजा, तपासा आणि मगच ‘ठीक आहे’ म्हणा.