सुरातून शब्दाकडे

लहान मूल अर्थाआधी लय उचलते. इंग्रजी मुळाक्षरांचे गीत हे त्याचे परिचित उदाहरण होय. १८३५ साली बोस्टन येथे प्रसिद्ध झालेले हे गीत एका जुन्या फ्रेंच चालीवर बांधलेले आहे. ज्यांना स्वतःचा अर्थ नाही अशी २६ अक्षरे चार वर्षांचे मूल त्या चालीच्या आधारे क्रमाने म्हणते. मात्र 'एल-एम-एन-ओ-पी' हा भाग इतक्या जलद येतो की, पुष्कळ मुलांना ते एकच अक्षर वाटते. सूर शब्द स्मरणात ठेवतो. त्याची उकल घरच्यांनी करून द्यावी लागते.

परदेशी वाढणाऱ्या नातवंडांना मराठी शिकविताना आजी-आजोबांनी हे ध्यानी ठेवावे. आठवड्याला एकच बडबडगीत घ्यावे. प्रथम ते टाळीवर सावकाश म्हणावे, मग शब्दागणिक वस्तू दाखवावी वा कृती करावी आणि अखेरीस तोच शब्द जेवताना, खेळताना वापरावा. गाण्यातील 'पाणी' तहान लागल्यावर ओठी आले की तो शब्द मुलाचा झाला. आवर्ती ठेवीप्रमाणे हप्ता लहान असावा, पण चुकू नये. पुढे दूरध्वनीवर नातवंडे आई-वडिलांना मध्ये न घेता आपल्याशी बोलू लागतील, तेच त्यावरील व्याज.