तिगावची गोष्ट कोणी ऐकावी?

कथाकथन हा शब्द मराठी माणसाच्या तोंडी रुळला तो १९६० नंतरच्या दशकात. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार हे तिघे गावोगाव हिंडले आणि छापील कथा कानाने ऐकण्याची गोडी त्यांनी लोकांना लावली. त्याच सुमारास विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगांवकर ह्यांनी काव्यवाचनाचे फड गाजविले. आपल्या शहरातल्या जुन्या घरांतून त्या कार्यक्रमांच्या आठवणी अजून निघतात. कोणाच्या आजोबांनी त्यांपैकी एखाद्याला जेवावयास बोलाविले होते, हेही सांगितले जाते आणि दर वेळी पानातला एक पदार्थ वाढतो.

त्या परंपरेचे आज जे चालू आहे ते मला अपुरे वाटते. साहित्यिकाने शहरातल्या सभागृहात यावे, एक विनोदी व एक हळवी कथा वाचावी, श्रीफळ घ्यावे आणि रात्रीच्या गाडीने परत जावे, असा क्रम ठरून गेला आहे. अद्भुत कथा तर ह्या व्यासपीठावरून जवळजवळ हद्दपारच झाली. राक्षस, यक्षिणी, बोलणारी झाडे हा सारा ऐवज आपण मुलांच्या खणात टाकून दिला. वास्तविक मराठीत अद्भुताची कमतरता कधीच नव्हती. जी. ए. कुलकर्णी ह्यांनी प्रौढांसाठी अशा कथा लिहिल्या की त्या वाचून माणूस बराच वेळ गप्प बसतो. 'काजळमाया'ला मिळालेले १९७३ चे साहित्य अकादेमी पारितोषिक त्यांनी परत केले आणि जन्मभर ते व्यासपीठापासून दूर राहिले. परंतु त्यांचे वाक्य मोठ्याने वाचून पाहावे. ते विलंबित लयीतले आहे. घाईने म्हटले तर बिघडते. मी गाणे शिकवितो म्हणून मला तसे वाटत असेल, पण वाचकांनी घरी एकदा प्रयोग करावा.

हे सारे सुचले ते तिगावमुळे. ग्वाल्हेरहून नागपूरला जाणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाने हे गाव ओलांडलेले आहे, बहुधा झोपेत. इटारसी-नागपूर मार्गावर पांढुर्ण्याच्या अलीकडे ते लागते. तिगाव ते चिचोंडा हा सातपुड्याचा चढ रेल्वेच्या लोकांत प्रसिद्ध आहे. जड मालगाडीला तेथे जादा इंजिनाचा जोर लावावा लागतो. भोवती संत्र्याच्या बागा, घरोघर मराठी. नागपूर जेव्हा मध्यप्रांताची राजधानी होती तेव्हा हा मुलूख तिच्या अंगणातला होता. १९५६ च्या नोव्हेंबरात विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि सौंसर-पांढुर्णा छिंदवाड्याबरोबर मध्य प्रदेशात राहिले. २०२३ साली ह्या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. कचेरी जवळ आली, ही सोय झालीच. मराठी साहित्यिक मात्र नागपूरपर्यंत येतो आणि तेथूनच मागे फिरतो.

माझ्या आत्याचे सासर तिगावचे. माझे वडील दरबारच्या शेवटच्या दिवसांत, अगदी पोरवयात, साथीला लागले. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. आत्या त्यांची धाकटी बहीण, आता पंचाऐंशीच्या घरात. साठ वर्षांत तिची ग्वाल्हेरी बोली पार वऱ्हाडी होऊन गेली आहे. गेल्या दिवाळीत मी गेलो तेव्हा ती नातीच्या मुलीला भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट सांगत होती. ही गोष्ट कोणास ठाऊक नाही? पण मी ऐकत होतो ती लय. पहिल्या जनावराशी भोपळ्याचे बोल ती ठाय म्हणते. वाघ भेटला की दुगुन. शेवटी भोपळा पळतो तेव्हा बोलांची अक्षरे एकमेकांवर चढतात आणि आत्याचा दम लागतो; तो दम लागणे हाही गोष्टीचाच भाग आहे.

मग ती नऊ वर्षांची पोर म्हणाली, "पणजी, मला पण येते." आणि तिने तीच गोष्ट हिंदीत सांगितली. शाळा हिंदी, मोबाइलवरची चित्रफीतही हिंदी. गोष्ट पुरी होती, एक जनावर कमी नव्हते. हिंदीत सांगितल्याने गोष्ट बाटत नाही, हे मी आधीच सांगतो. आपण सगळे ज्या शहरात राहतो तेथे तसे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. गेली होती ती लय. चित्रफितीत भोपळा पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच चालीने चालतो, तसाच तो तिच्या तोंडी चालला. आत्या म्हणाली, "काऊन वो बाई, वाघ आला तरी तुही म्हातारी घाबरून नाही राहिली?" पोर हसली, पण तिला प्रश्न कळला होता. तिने पुन्हा सांगितली, आणि वाघाच्या जागी मराठीत घसरली.

भुलाबाईच्या गाण्यांतही हेच आहे. सासुरवाशीण माहेरी जाण्याची परवानगी मागते. सासू सांगते, आधी कारल्याचे बी पेर. मग वेल यावा, फूल यावे, कारले लागावे, भाजी व्हावी, ती खावी, आणि तोवर माहेर लांबतच जाते. तीन-चार स्वरांत बसणारी चाल, तीच तीच फिरणारी, आणि त्या फिरण्यातच त्या मुलीची अडचण सांगून होते. आमच्या शास्त्रोक्त गाण्यात बढत म्हणतात ती ह्याहून फार वेगळी नव्हे. कोजागिरीला भुलाबाई बोळवितात, झाकलेला खाऊ ओळखावयाचा खेळ होतो. त्या पट्टीतल्या मुली तो अजून खेळतात. मात्र गाणी पाठ असलेल्या बायांची वये मी मोजली, तेव्हा साठीच्या आत एकच निघाली.

पांढुर्ण्याचे नाव बाहेर निघते ते गोटमारीमुळे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, त्यावर झेंडा असतो, आणि पांढुर्णा व सावरगाव ह्या दोन काठांचे लोक तो मिळविण्यासाठी एकमेकांवर दगड फेकतात. दरवर्षी शेकडो जखमी होतात, माणसे मेलीही आहेत. रबरी चेंडू देऊन पाहिले, ते चालले नाहीत. वर्तमानपत्रे जखमींचा आकडा देऊन मोकळी होतात. ह्यामागे लोक जी गोष्ट सांगतात ती अशी: पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावची मुलगी पळवून नेत होता, नदीच्या मध्यावर दोन्हीकडून दगड आले आणि दोघे तेथेच मेले, मग दोन्ही गावांना पश्चात्ताप झाला आणि त्यांनी दोघांची प्रेते चंडिकेच्या देवळात नेली. म्हणजे गोष्ट पश्चात्तापाने संपते, आणि उत्सव पाळतो तो दगड! त्या मुलीला मी ऐकलेल्या कोणत्याही पाठात नाव नाही. ती मध्यधारेत काय बोलली हेही कोणी सांगत नाही. दंतकथेत जेथे अशी पोकळी असते तेथेच कवीला जागा असते. एखाद्या मराठी कवयित्रीने त्या मुलीला वाचा दिली आणि ती कविता जांबेच्या काठी, पोळ्याच्या आधी आठ दिवस वाचली, तर दगड थांबतील असा माझा भाबडा दावा नाही. पण ते ऐकावयास दोन्ही काठांचे लोक येतील, एवढे मी त्या भागातली माणसे ओळखून सांगतो.

गोष्टी गोळा करण्याचा विषय निघाला की आपले विद्वान जर्मनीतल्या ग्रिम बंधूंचे नाव घेतात. त्यांचा मान राखून म्हणतो, एका दिवसात तिगावहून जाऊन येता येईल अशा अंतरावर अमरावती जिल्ह्यातले रिद्धपूर आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी गावोगाव फिरून, ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांना विचारून चक्रधरस्वामींच्या लीळा लिहून काढल्या. एकाची आठवण दुसऱ्याशी जुळेना तर तो भेदही नोंदला. केसोबासांनी स्वामींचे एकशे चौदा दृष्टान्त वेगळे काढले. त्यांतल्या पुष्कळ गोष्टी खेड्यातल्याच आहेत. पुढे १८६८ साली मेरी फ्रिअर ह्या मुंबईच्या गव्हर्नरच्या मुलीने दख्खनच्या गोष्टींचे इंग्रजी पुस्तक छापले. त्या गोष्टी तिला ॲना लिबराता डिसूझा ह्या आयेने सांगितल्या होत्या, आणि पुस्तकात ॲनाचे नाव आहे, तिच्या आयुष्याची हकीकतही आहे. व्हेरिअर एल्विन ह्यांनी १९४४ साली महाकोशलच्या लोककथा प्रसिद्ध केल्या. सौंसर-पांढुर्ण्याची मराठी मात्र मधल्या मधे राहिली. हिंदीवाल्यांना ती मराठी म्हणून परकी, मराठीवाल्यांना मध्य प्रदेशातली म्हणून लांबची.

आपल्या शहरात तानसेन समारोहाचा आरंभ कशाने होतो हे वाचकांना सांगावयास नको. शहनाई होते आणि मग ढोलीबुवांची हरिकथा. देशभरचे गवई ज्या सभेला येतात ती सभा एका कथेने उघडावी, हे येथे कोणाला विचित्र वाटत नाही. तेव्हा आपल्या मंडळांनी एक करावे. पाहुणा साहित्यिक बोलाविताना त्याला आणखी एक रात्र मागून घ्यावी व कोजागिरीच्या आसपास तिगावला न्यावे. त्याने आपली अद्भुत कथा वाचावी, विनोदी नको. मग त्याने खाली बसावे आणि गावातल्या बायांनी सांगावे. सांगणारीचे नाव, गाव आणि गोष्ट कोणाकडून आली हे त्याच वेळी लिहून घ्यावे, चाल ध्वनिमुद्रित करावी. स्वरलेखन करून द्यावयास मी तयार आहे, मानधन नको.

आत्याला मी हा बेत सांगितला. तिने माइकला साफ नकार दिला. लेखकाला जेवू घालीन म्हणाली. "पण बाबू, त्याले सांगून ठेव, गोष्ट आयकताना हुंकार द्या लागते. मुक्यानं बसला तं मी मधातच उठून जाईन."